टाळलेला घास

डॉक्टर कार्लिगाशबाईंच्या वॉर्डात खाटा सहाच होत्या, पण त्या सहा खाटांनी बाईंना जेवढं दमवलं तेवढं आधीच्या पंचवीस वर्षांत साठ खाटांच्या वॉर्डानं दमवलं नव्हतं. तिकडे दारुडे होते, कानात आवाज ऐकू येणारे होते, खिडकीतून उडी टाकायला निघालेले होते. ते सगळं परवडलं म्हणायचं. इथं सहा पोरी, हुशार, गोड बोलणाऱ्या, एकमेकींना जपणाऱ्या, आणि सहाही जणी उपाशी. एका वाटाण्याचे चार तुकडे करून तो पाऊण तास पुरवायचा, लोणी लागलेलं बोट उशीच्या अभ्र्याला पुसायचं. त्यांच्याच जिवासाठी त्यांच्याशीच भांडायचं, आणि तेही रोज तीन वेळा. बाईंना एकोणसाठावं लागलं होतं. निवृत्तीचा अर्ज त्यांनी दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला, कारण त्यांच्या जागी यायला अख्ख्या कारागांदा शहरात कुणी तयार नव्हतं.

खिडकीजवळची खाट बालाउसाची. वय तेवीस, उंची चांगली, वजन तीस किलो. जमीनमोजणीचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, आठ वर्षांचा आजार, आणि या वॉर्डात येण्याची ही चौथी खेप. दिवसभर ती उभीच असायची. बसलं की अंगावर मांस चढतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. रिम्मा नावाची थोरली नर्स तिला खांद्याला धरून बसवायची आणि पाठ फिरली की ही पुन्हा उभी. आईनं आणलेली सफरचंदं मात्र स्वतः चिरायची, पातळ, एकसारख्या फोडी, आणि सगळ्या वॉर्डात वाटून यायची. स्वतःच्या तोंडात एक फोड नाही. रिम्मा म्हणायची, ही पोर लग्नघरात वाढपी म्हणून शोभली असती.

दोन वर्षांपूर्वीच्या खेपेला बाईंनी तिला नाकातून नळी घातली होती. ती नळी उपसून काढायची, म्हणून सुती पट्ट्यांनी मनगटं खाटेला बांधली. अकरा दिवस. पोर जगली, सात किलो भरली, हसत घरी गेली आणि घरी गेल्यावर ते सात किलो तिनं चार महिन्यांत उतरवले. वर आईनं मायेपोटी सूपमध्ये चोरून साय घातली, ते हिला कळलं, आणि त्यानंतर घरातल्या भांड्यातलं पाणीसुद्धा तिनं बंद केलं. तिची आई, गुलशात नावाची, शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवू घालणारी बाई. तिला स्वतःच्या एका पोरीला जेवू घालता येईना.

यंदा ऑक्टोबरात बालाउसा आपल्या पायांनी आली ती एका अटीवर. अट तिनं मोठ्या अक्षरात लिहून आणली होती: मला सांगितल्याशिवाय काही करायचं नाही, फसवून काही भरवायचं नाही. बाईंनी खाली सही केली आणि तो कागद तिच्या उशाशी राहिला. सही करताना बाईंना बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत कुणी पोर स्वतःहून दारात आली नव्हती.

पुढचे काही आठवडे ती थोडं थोडं खाऊ लागली. बोलूही लागली. एकदा तिनं आजोबांचं सांगितलं. दोघींच्या लोकांत मेजवानी संपत आली की घरातला वडीलधारा परातीतलं मांस आणि कणकेच्या उकडलेल्या पट्ट्या मुठीत घेतो आणि ओळीनं बसलेल्या पोरासोरांच्या तोंडात आपल्या हातानं घास घालतो. त्याला आसातू म्हणतात. ते जेवण नव्हे, तो आशीर्वाद. त्या हातासमोर तोंड मिटून घेणारं पोर अजून जन्माला यायचंय. बालाउसा पंधरा वर्षांची असताना काकाच्या लग्नात अशीच ओळीत बसली होती, हा घास कसा चुकवावा या धास्तीत. आजोबांचा हात शेजारच्या चुलतभावापर्यंत आला, त्याला घास मिळाला, मग त्या हातानं हिच्या केसांवरून नुसतं फिरून पलीकडच्या बहिणीला घास दिला. तेव्हापासून प्रत्येक मेजवानीत तसंच. आठ वर्षं म्हाताऱ्यानं तिला वगळलं, आणि का वगळलं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"घरात माझ्या ताटाकडे न बघणारा तो एकच माणूस आहे," बालाउसा म्हणाली होती. "आम्ही दोघं खडे घेऊन नऊ खळग्यांचा डाव मांडतो. तेव्हा मी बसते सुद्धा."

बाईंनी हे ऐकलं आणि मनात ठेवलं. मनात ठेवलेलं कधी कामाला येईल सांगता येत नाही, हेच खरं दुखणं.

डिसेंबर लागला आणि गाडी घसरली. आधी भात बंद, मग दही, मग सूप. झोपेत नाडी छत्तीसवर उतरली. रक्ताचे रिपोर्ट असे येऊ लागले की बाई ते वाचायच्या आधी चष्मा पुसायच्या. बालाउसा शांतपणे म्हणाली, मला घरी जाऊ द्या. बाईंनी विचारलं, घरी जाऊन काय? ती म्हणाली, काही नाही. मी दमलेय. आता हे बोलणारी पोर की तिचा आजार, हे बाईंना इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही ओळखता येत नव्हतं. दमणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून जास्तच त्रास झाला.

सोमवारी मुख्य डॉक्टर तोलेगेन यांनी बाईंना खोलीत बोलावलं. माणूस वाईट नाही, पण वॉर्डात मढं निघालं की त्याला जबाब द्यावा लागतो. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शुक्रवारी तीन डॉक्टरांची समिती बसेल आणि नळीचा निर्णय घेईल, पोर हो म्हणो की नको. बाईंनी त्या कागदाची आठवण दिली. तोलेगेननी विचारलं की तो कागद पोरीच्या थडग्यावर लावायचा आहे का. प्रश्न चुकीचा नव्हता.

तिथून वॉर्डात येईपर्यंत, तीन जिन्यांत, बाईंच्या डोक्यात ती गोष्ट आली. नळी नको, पट्ट्या नकोत, समिती नको. म्हातारा आला आणि त्यानं हातानं घास दिला तर ती नाही म्हणणार नाही. एकदा गिळलं की बांध फुटेल. आपल्याच रीतीतलं औषध असताना आपण रबराच्या नळ्या कशाला शोधत बसलोय? बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा हलकं वाटलं. रिम्माला सांगितलं तर तिनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"तुमच्या लोकांचं मला काही कळत नाही," रिम्मा म्हणाली. "नळी घातली की बळजबरी, आणि म्हातारा घातला की आशीर्वाद."

रिम्मा जर्मन आईबापांची, जन्म कारागांदातलाच, तीस वर्षं याच दवाखान्यात. तिला आपल्यातलं काय कळणार, असं म्हणून बाईंनी तो विषय झटकला. ती चूक त्यांना नंतर फार दिवस पुरली.

त्यांनी गुलशातला फोन केला. आजोबांना घेऊन या म्हणाल्या. गुलशात म्हणाली की सासरे येणार नाहीत, पोरीच्या खाण्याच्या भानगडीत पडायचं नाही अशी त्यांनी शपथच घातलीय स्वतःला. तेव्हा बाई बोलून गेल्या की बालाउसा आजोबांच्या हातच्या घासासाठी झुरतेय. सगळ्यांना देतात, मलाच वगळतात, असं तिला लागलंय, तिनंच सांगितलं. निम्मं खरं होतं. फोन ठेवल्यावर बाईंनी हात धुतले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बुधवारी दुपारी येर्मेकबाय आजोबा गुलशातबरोबर आले. वय चौऱ्याऐंशी, जन्म खाणकामगारांच्या वस्तीतला, ताठ पाठ, डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, काखेत रुमालात बांधलेला डबा. बाईंनी त्यांना दाराबाहेर थांबवून समजावलं: तीन छोटे घास, चरबी नको, उपाशी शरीरावर एकदम अन्न पडलं तर हृदय बंद पडतं. म्हाताऱ्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. त्याची आई एकोणीसशे बत्तीस सालच्या मोठ्या दुष्काळातून वाचलेली. भुकेल्याला किती द्यायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याला वेगळंच काही विचारायचं होतं.

"पोरी, खरंच तिला लागलं का गं, मी वगळत होतो ते?" त्यानं विचारलं. "मला वाटायचं, तिला सुटल्यासारखं होतंय."

बाईंनी मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती, हे त्यांनी म्हाताऱ्यावर सोडलं.

आत बालाउसा खिडकीशी उभी होती. आजोबांना बघून तिचा चेहरा असा उजळला की बाकीच्या पाचही खाटांवरच्या पोरींनी वर पाहिलं. ती धावत आली म्हणजे काय, भिंतीला धरून आली. "डाव आणलात?" तिनं विचारलं. आजोबा खुर्चीवर बसले, मांडीवर डबा ठेवला आणि रुमालाची गाठ सोडली. वाफ आली. त्यांनी टोपी नीट केली, हात पुसले, दोन बोटांत मऊ मांसाचा नखाएवढा तुकडा आणि कणकेच्या पट्टीचं टोक धरलं आणि हात पुढे केला. ते म्हणाले, "ये बाळा. आजवर तुला वगळलं. आजोबाला माफ कर."

बालाउसानं त्या हाताकडे पाहिलं. मग तिनं मान वळवून दारातल्या कार्लिगाशबाईंकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यावा इतकाच. हे कुणी घडवून आणलं ते तिला कळलं होतं, आणि ते तिला कळल्याचं बाईंना कळलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं तोंड उघडलं.

एक घास. दुसरा. तिसरा. गिळताना तिच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पापणी मिटत नव्हती. आजोबांनी तळवे उघडून आशीर्वाद दिला, रीतीप्रमाणे आपल्याच तोंडावरून हात फिरवला आणि ढसढसा रडले. गुलशात दाराच्या चौकटीला टेकून हसतही होती आणि रडतही होती. पलीकडच्या खाटेवरची एक पोर टाळ्या वाजवू लागली आणि मधेच थांबली. बाईंनी नाडी मोजली. ठीक होती. सगळं ठीक होतं.

गुरुवारी सकाळी बालाउसा पहिल्यांदाच खाटेवर बसलेली दिसली. बाई खुश होऊन जवळ गेल्या. उशाशी तो ऑक्टोबरचा कागद नव्हता. फाडलेला नव्हता, घडी करून तिनं बाईंच्या हातात दिला.

"हा तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली. "आणि नळीचा कागद आणा. मी सही करते."

बाईंनी विचारलं, आता नळी कशाला, काल तर तू खाल्लंस. बालाउसानं आपल्या मनगटांकडे पाहिलं. बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"मागच्या वेळी तुम्ही मला बांधलंत, ते निदान तुमच्या पट्टीनं बांधलंत. मी तुमच्यावर चिडू शकत होते. काल तुम्ही माझ्या आजोबांच्या हातानं बांधलंत. तो एकच हात होता बाई, ज्याला मी घाबरत नव्हते. आता तो दारात दिसला की माझं तोंड मिटणार. तुम्ही नळी घाला, हवं तेवढं भरा, मी उपसणार नाही. फक्त त्यांना पुन्हा घास द्यायला लावू नका."

बाईंच्या मनात आलेली पहिली गोष्ट अशी की चला, सही मिळाली. दुसरी गोष्ट अशी की आपल्याला पहिली गोष्ट ही सुचावी. त्यांना स्वतःची किळस आली आणि त्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. रिम्मा मागून आली. तिनं फक्त टॉवेल दिला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी समिती बसली. छापील कागदावर वाक्य होतं की रुग्णानं कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीनं संमती दिली आहे. बालाउसाची सही खाली होती, वळणदार. बाईंनी पेन घेऊन ते वाक्य खोडलं. तोलेगेन चक्रावले. चांगलं तयार ताट पुढ्यात आलंय आणि ही बाई त्यात माती कालवतेय, असा त्यांचा चेहरा झाला. बाईंनी त्यांना आणि समितीतल्या तिसऱ्या डॉक्टरला बुधवारची गोष्ट सांगितली, फोनवरच्या खोट्यासकट. मग म्हणाल्या, नळी तर घालायलाच हवी, आता दोन दिवसही हातात नाहीत, पण ती आपण आपल्या जबाबदारीवर घालू या, तिच्या सहीमागे लपून नको. तिघांनी सह्या केल्या. तोलेगेन सही करताना पुटपुटले की एवढा सोवळेपणा बुधवारी कुठे गेला होता. बाई म्हणाल्या, तेच तर.

नळी रिम्मानं घातली. बालाउसानं स्वतःच मान मागे टेकवली. पट्ट्या कपाटातच राहिल्या.

मग उरलं ते सगळ्यात अवघड. शनिवारी दुपारी आजोबा पुन्हा आले, काखेत पुन्हा रुमाल. त्यांच्या मते पोर आता खायला लागली होती. बाईंनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं, चहा दिला, दूध जास्त घालून, आणि सगळं सांगितलं. तिनं तुम्हाला बोलावलं नव्हतं. तुम्ही वगळत होता ते तिला लागलं नव्हतं. ते मी रचलं. बाई वाट बघत होत्या की म्हातारा ओरडेल, कप आपटेल. त्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. एवढ्या थंडीतून आलेला माणूस, पण घामानं डोकं ओलं होतं.

"म्हणजे मी टाळत होतो, तेच बरोबर होतं?" त्यानं विचारलं.

बाई हो म्हणाल्या.

"आठ वर्षं मी सांभाळलं ते," म्हातारा म्हणाला. "माझी बायको भांडली, मुलगा भांडला, सून भांडली. सगळे म्हणायचे, तुमच्या हातचं ती नाही म्हणणार नाही, एकदा द्या. मी दिलं नाही. तुझ्या एका फोनवर दिलं बघ."

त्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. त्यांनी माफी मागितली. आजोबा म्हणाले की माफी द्यायला आता त्यांच्याकडे काही शिल्लक नाही, आधी स्वतःसाठी मागायची आहे. मग टोपी घालून ते उठले. काखेतला रुमाल त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवला आणि वॉर्डाकडे निघाले. बाई मागोमाग गेल्या आणि दारातच थांबल्या.

बालाउसा उशीला टेकून बसली होती. नाकातली नळी गालावर चिकटवलेली, खाटेशेजारी पिशवीतून पांढरं दूध थेंबाथेंबानं उतरत होतं. आजोबांची चाहूल लागताच तिचे खांदे वर गेले आणि ओठ मिटले. म्हाताऱ्यानं ते पाहिलं. तो दोन पावलं लांबच थांबला. मग त्यानं उजवा हात आपल्या जाड कोटाच्या डाव्या बाहीत घातला आणि डावा उजव्या बाहीत, कोपरापर्यंत आत, आणि तसाच येऊन खुर्चीवर बसला. हातांशिवायचा माणूस बसावा तसा.

आजोबांनी बर्फाचं सांगितलं, शेजाऱ्याच्या घोडीचं सांगितलं. बाह्यांतून हात बाहेर आले नाहीत. नाकाला पाणी आलं तर त्यांनी खांद्याला पुसलं. मग म्हणाले की खळग्यांचा पाट बाहेर आईजवळ आहे, पण राहू दे, आज नुसतं बसू. पिशवीतलं दूध बोटभर खाली उतरलं.

शेवटी बालाउसानं रिम्माला पाट आणायला सांगितलं. रिम्मानं तो खाटेवर मधोमध ठेवला, खडे खळग्यांत नऊ नऊ भरून दिले. बालाउसानं पहिली चाल खेळली. आजोबा पाटाकडे बघत बसून राहिले, हात बाह्यांत तसेच.

"काढा की हात बाहेर, आजोबा," ती म्हणाली. "चाल तुमची आहे."

म्हाताऱ्यानं सावकाश हात काढले. आधी तळवे वर करून तिला दाखवले, दोन्ही, रिकामे. मग एका खळग्यातले खडे उचलले.

बालाउसानं दाराकडे एकदाही पाहिलं नाही. बाई थोडा वेळ तिथंच उभ्या होत्या, तिनं पाहावं म्हणून नव्हे, थेंब नीट पडताहेत का ते बघायला. ते नीट पडत होते. मग त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.